नानासो गवंड्याची सरळ भिंत

फाटकावरच्या नव्या उड्डाणपुलाची भिंत नानासो गवंड्यानं सूड म्हणून वाकडी केली, असं लोणंदच्या बाजारात आजही कुणीही छातीवर हात ठेवून सांगतं. सूड कशाचा, ते मात्र सांगणाऱ्यावर अवलंबून. एकजण म्हणतो, इंजिनिअर बाईनं त्याला चारचौघांत म्हातारा म्हटलं म्हणून. दुसरा म्हणतो, भाच्याला कामावर घेतलं नाही म्हणून. तिसरा तर म्हणतो, तिन्हीसांजेला ट्रकचा जॅक घेऊन नानासो भिंतीमागं उतरला आणि आतनं रेटून एकेक पॅनेल बाहेर काढलं. "ह्या डोळ्यांनी बघितलंय गड्या, ह्या डोळ्यांनी!" ते डोळे त्या तिन्हीसांजेला शिरवळच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला होते, पण ते जाऊ द्या.

सगळं खोटं. नानासोनं भिंत वाकडी केली नाही. त्यानं ती सरळ केली, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

नानासो क्षीरसागर म्हणजे साठीला टेकलेला, वाळल्या शेंगेसारखा माणूस. हलवला की आतनं वाजणारा. गावातली शाळा त्यानं बांधली, डेअरीचा हॉल त्यानं बांधला, स्मशानातला कट्टाही त्यानंच बांधला, आणि तिन्ही ठिकाणी तो भांडला. स्मशानात कुणाशी भांडला? लाकडं रचणाऱ्याशी. सरण काटकोनात नव्हतं म्हणून. मयताचा थोरला मुलगा मडकं खांद्यावर घेऊन उभा, बायका रडतायत, आणि हा डावा डोळा मिटून सरणाकडं बघत म्हणतोय, "त्ये. कोपऱ्याचं. वंडकं. सरकवा. कळ्ळं?"

त्याचं बोलणं असंच. विटा फेकल्यासारखं. एक शब्द, दम, दुसरा शब्द, दम, आणि शेवटी 'कळ्ळं?' असा थापीचा फटका. त्यात भर म्हणजे तो डावा डोळा. रस्त्यानं जाताना कुणाच्याही नव्या घरापुढं थांबायचा, डावा डोळा मिटायचा आणि तोंडातल्या तोंडात 'च्च' करायचा. एवढंच. घरमालकाला महिनाभर झोप लागत नसे. एका वास्तुशांतीला पंगतीत बसल्या बसल्या त्यानं यजमानाला सांगितलं की तुझ्या सैपाकघराचा कोपरा फाटलाय, काटकोनात नाही. यजमानानं त्याच्या ताटातली जिलेबी उचलून परत परातीत टाकली. नानासो उठला तो उपाशी, पण कोपऱ्यावरचं मत काही मागं घेतलं नाही त्यानं.

असल्या माणसाला काम कोण देणार? आधी गावात दुसरा गवंडी नव्हता म्हणून लोक नाक धरून देत होते. मग फलटणकडनं ठेकेदार यायला लागले, कॉलम उभे करून, स्लॅब टाकून, भिंती नुसत्या भरायच्या म्हणून भरून जायला लागले. नानासोच्या वाट्याला राहिले गोठे, पाण्याच्या टाक्या आणि कुणाच्या तरी न्हाणीची आडभिंत. त्याला गवंडी म्हणायचं लोकांनी सोडलं. 'त्यो भांडखोर नाना' एवढीच ओळख उरली.

आणि तेवढ्यात फाटकावर उड्डाणपूल आला.

पुलाला चढायला दोन्ही बाजूंनी मातीचा चढ लागतो, त्या चढाच्या कडेनं ही उंच भिंत. काँक्रीटची तयार पॅनेलं यायची, माणसापेक्षा रुंद, ती एकावर एक रचायची. ते काम करणारी बाहेरची टोळी होळीला गावी गेली ती परत फिरकलीच नाही. काम अडलं. कुणीतरी नानासोचं नाव सुचवलं, बहुतेक त्याची जिरावी म्हणून. पण नानासोला त्यात एवढंच दिसलं की तालुक्यातली सगळ्यात लांब आणि सगळ्यात उंच भिंत आपल्या हाताखालनं जाणार. ती वरपर्यंत नेली की गाव आपल्याला पुन्हा गवंडी म्हणणार. आणि मधूनच हाकललं गेलो, तर गोठासुद्धा कुणी देणार नाही. हे त्यानं बायकोला, साळूबाईला, जेवताना सांगितलं. साळूबाई एका दमात म्हणाली, "मग आवं तोंड गप ठेवा, हातानं काय बी बिघडत न्हाई तुमचं, तोंडानं घालिवता सगळं, वाढू का अजून आमटी?"

तोंड गप राहिलं पहिल्या दिवशी, चहा होईपर्यंत.

भिंतीच्या कामावर इंजिनिअर होती चंदनबाला मगदूम. सांगलीकडची, जैन शेतकऱ्याची मुलगी, तिशीच्या आतली, डोक्यावर पांढरं हेल्मेट आणि आवाज सनईच्या वरच्या पट्टीतला. एरवी पुण्याचं मराठी बोलायची, पण राग आला की ते कोटासारखं काढून ठेवायची आणि आतनं सांगली बाहेर यायची. तिनं नानासोला खाली उभं करून काम समजावलं.

"ही भिंत वजन पेलत नाही, काका. भिंत म्हणजे नुसता पडदा. पेलते ती मागची माती. पॅनेलच्या मागं ह्या लांब पट्ट्या अडकवायच्या, आडव्या अंथरायच्या, वर मुरूम टाकून रोलर फिरवायचा. परत पट्ट्या, परत मुरूम. दाबलेला मुरूम पट्ट्यांना धरून ठेवतो आणि पट्ट्या पॅनेलला."

"आन् पुलाची तुळई. कशावर टेकायची?"

"ह्याच मातीवर. वर काँक्रीटची बैठक येईल, तिच्यावर तुळई."

नानासोनं मुरमाचं एक ढेकूळ उचललं, चुरडलं, बोटांतनं खाली सोडलं. "मातीवर. पूल. आवं बाई, मातीवर आमी कोंबड्याचं खुराडं बांधत न्हाई. कळ्ळं?"

"बाई नाही. मॅडम."

"मग मीबी काका न्हाई. मिस्त्री."

ठरलं. त्या दिवसापासून ती त्याला मिस्त्री म्हणायची आणि तो तिला मॅडम म्हणायचा, आणि दोघंही ते शब्द शिवीसारखे वापरायचे.

पण खरी ठिणगी पुढं पडली. मॅडमनं लेव्हलची पट्टी काढली. तिच्या एका टोकाला लाकडाचा बारका गुटका चिकटवलेला. ती पट्टी पॅनेलला लावायची आणि बुडबुडा मधोमध आला की पॅनेल बरोबर.

नानासोनं डावा डोळा मिटला. "ह्या गुटक्यानं पॅनेल वाकडं बसंल."

"बसू दे. वरचं टोक आत, मातीकडं, बोटाच्या जाडीएवढं झुकलं पाहिजे."

"मुद्दाम? वाकडं?"

"मुद्दाम. रोलर फिरला की माती बाहेर रेटते आणि पॅनेल सरकतं. आधी आत झुकवलेलं असलं की सरकून सरळ होतं."

"म्हंजी ही पट्टी खोटं बोलती."

"खोटं नाही बोलत, मिस्त्री. पुढचं बोलते."

नानासोच्या कमरेला भिंतीचा सरळपणा बघायचा, दोरीला लटकणारा ओळंबा होता. पितळी, वडिलांच्या हातचा, घासून घासून बारीक झालेला. त्यानं तो सोडला, पॅनेलला लावला, दोरी आणि काँक्रीट यांच्यात वर-खाली पडलेला फरक मॅडमला बोटानं दाखवला. मॅडमनं ओळंब्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हा घरी ठेवून या उद्यापासून."

बाप काढला असता तर त्यानं ऐकून घेतलं असतं.

पहिल्या काही रांगा मॅडमच्या नजरेखाली चढल्या. हायड्रा, म्हणजे ती ठेंगणी क्रेन, पॅनेल उचलून आणायची. नानासो आणि त्याचे गडी ते जागेवर बसवायचे, पुढनं टेकू द्यायचे, पाचरी मारायचे, आणि गुटक्याची पट्टी लावायचे. मागं बिराप्पा रोलर फिरवायचा. हा बिराप्पा कवठे महांकाळच्या पलीकडचा, बोलीत निम्मं कानडी, सगळ्या जगाला 'अण्णा' म्हणणारा आणि कुणाचंही ऐकून न घेणारा. त्याच्यासाठी मॅडमनं मुरमावर चुन्याची रेघ मारली होती. भिंतीपासनं ह्या रेघेपर्यंत मोठा रोलर आणायचा नाही, तिथं हातानं चालवायचं छोटं मशीन. जड रोलर जवळ आला तर पॅनेलं बाहेर ढकलली जातात.

संध्याकाळी गावातले लोक फाटकावर गाडीची वाट बघत थांबायचे आणि भिंत बघायचे. ताजी रांग आत झुकलेली अगदी नुसत्या डोळ्यांनी दिसायची.

"नाना, भिंत निजाया लागली की गा!"

"नाना, डोळा मिटून बघ एकदा! का दोनी मिटून बांधलीस?"

आयुष्यभर ज्यांच्या घरांपुढं त्यानं 'च्च' केलं होतं ते सगळे आता एकेक करून फाटकावर येत होते आणि त्याच्या भिंतीपुढं 'च्च' करून जात होते. जिलेबीवाला यजमान तर बायकोला घेऊन आला. नानासो पाचरीवर हातोडा मारत राहिला, पण पाचर कुठं आणि हातोडा कुठं, असं चाललेलं. बिराप्पानं वरनं रोलर थांबवून आवाज दिला, "अण्णा, तुज्या भिंतीला झोप आलीया, उशी देऊ का?"

आणि मग मॅडम आठवडाभर सांगलीला गेली. बहिणीचा साखरपुडा. जाताना सांगून गेली, "मिस्त्री, गुटका." बाकीचे साहेब पलीकडं खांबांच्या कामात गुंतलेले.

मॅडमची गाडी फाटकाच्या पलीकडं दिसेनाशी झाली. नानासोनं गुटक्याची पट्टी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर ठेवली आणि कमरेचा ओळंबा सोडला.

त्यानंतरच्या दोन रांगा त्यानं अशा लावल्या की बघत राहावं. प्रत्येक पॅनेल ओळंब्यावर. दोरी आणि काँक्रीट यांच्यात वरपासून खालपर्यंत सारखं अंतर, केसाचा फरक नाही. हायड्राच्या ड्रायव्हरला त्यानं एवढ्या शिव्या घातल्या की तो हॉर्न दाबून उत्तरं द्यायला लागला. लोक फाटकावर थांबले आणि ह्या वेळी कुणी हसलं नाही. सपाट, ताठ, पाटीसारखी भिंत. जिलेबीवाला यजमानसुद्धा म्हणाला, "आता दिसली गवंड्याची भिंत."

गवंड्याची. तो शब्द नानासोनं घरी नेला आणि साळूबाईला दोनदा ऐकवला. ती म्हणाली, "ऐकलं हो, बहिरी न्हाई मी, पर त्या पोरीनं गुटका लावा म्हणून सांगितलं हुतं न्हवं?"

"त्या पोरीनं. भिंत. कवा बांधलीया?"

"आन् तुमी माती कवा दाबलीया?"

नानासो पाठ फिरवून झोपला.

मागं मुरूम चढत गेला. पट्ट्या, मुरूम, रोलर, परत पट्ट्या. आठवडा संपायला आला. आणि एका संध्याकाळी उन्हं कलली, भिंतीच्या कडेनं तिरपी आली, आणि नानासोला भिंतीवर सावली दिसली. सरळ भिंतीवर सावली पडत नाही. तो जवळ गेला. त्याच्या दोन रांगा जिथं होत्या तिथं भिंतीला पोट सुटलं होतं. थोडंच. जेवून उठलेल्या माणसाला सुटतं तेवढं. पण उजेड तिरपा असला की ते अख्ख्या हायवेला दिसत होतं.

त्यानं ओळंबा लावला. दोरी वर पॅनेलला टेकली, खाली लोंबत राहिली. त्यानं दोरी काढली, परत लावली. काँक्रीटनं मत बदललं नाही.

मग तो मागच्या बाजूनं वर चढला आणि बिराप्पाच्या रोलरपुढं उभा राहिला. "रेघ. ओलांडलीस. माझी भिंत. ढकललीस!"

"यप्पा! मी?" बिराप्पानं रोलर बंद केला. "अण्णा, खाली बघ. चुन्याची रेघ हाय तशी हाय. माज्या चाकाचा माग कुटं हाय त्यो बघ. दोन हात अलीकडं."

माग खरंच अलीकडं होता. पण नानासोला त्या घटकेला माग दिसत नव्हता, फक्त बिराप्पा दिसत होता. "रातीचं. आलास. माग पुसलास!"

"ए म्हाताऱ्या! मला चोर म्हणतो? तूच वाकडी केली हाय, मॅडमवर खुन्नस काढायला! सगळ्या गावाला सांगतो!"

आणि त्यानं सांगितलं. रोलर उभा करून तो सरळ फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर गेला आणि येईल त्याला सांगत सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या गोष्टीला जॅक फुटला होता.

आता इथं नानासोनं जे केलं, ते ह्या गावात दुसऱ्या कुणालाही सुचलं नसतं. तो टपरीवर आला. बाकावरच्यांनी सरकून जागा दिली. एकानं धीर करून विचारलं, "नाना, लोक म्हणत्यात ते खरं का रं? मुद्दाम केलंस?"

नानासोनं चहा बशीत ओतला. फुंकला. प्याला. आणि म्हणाला, "व्हय. केलं मुद्दाम. काय करणार हायसा?"

बाकावरच्या सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. नानासोचा हिशोब असा होता, आणि त्याच्या परीनं तो चोख होता. सूड घेतला म्हटलं तर लोक काय म्हणतील? डांबरट म्हणतील, खुनशी म्हणतील. ते तर आधीपासूनच म्हणतात. पण भिंत चुकली म्हटलं, तर ज्या नानासोनं उभ्या गावाचे कोपरे काढले त्याची स्वतःची भिंत, ओळंब्यानं लावलेली, पोट सुटून उभी आहे, हे कबूल करावं लागणार. बदमाश म्हणून मेलेलं परवडलं. कच्चा गवंडी म्हणून जगणं नको.

घरी साळूबाईला कळायला वेळ लागला नाही. ती पिठाचे हात तसेच ठेवून बाहेर आली आणि एवढी हसली की शेजारीण कुंपणावरनं बघायला लागली. "तुमी? सूड? आवं, चुलत भावानं बांध कोरला तवा तुमी सूड घ्यायला गेलासा आन् त्याच्याच विहिरीचं कठडं सरळ करून आलासा, ते बी फुकट! तुमास्नी वाकडं करायला येतं तरी का? जलमात एक तरी वाकडी वीट लावलीया का?"

"गप बस."

"बसते की. पर मॅडमला काय सांगणार? मुद्दाम केलं म्हणलासा तर पोलिसात देईल ती."

"देऊ दे."

"आन् भिंत दुसऱ्याच्या हातनं वर जाईल, ती बघायला तुमास्नी फाटकावर उभं ऱ्हावं लागंल. ते चालंल?"

 नानासोनं अंगणातल्या विटेला लाथ मारली. ती वीटही, साळूबाई सांगते, कडेच्या रांगेत जाऊन सरळ बसली.

मॅडम आली ती सांगलीची हातभर मेंदी घेऊन आणि भिंत बघताच पुण्याचं सगळं मराठी तिथंच गळून पडलं. "हे काय करून ठेवलायसा ओ? कुणी केलंय हे?"

भिंतीपुढं सगळे जमले. मुरमावर बिराप्पा हाताची घडी घालून. गडी माना खाली घालून. फाटक पडलेलं होतं, त्यामुळं दोन्ही बाजूंना प्रेक्षकही भरपूर. मॅडम मुरमावर चढली, चुन्याची रेघ बघितली, चाकाचा माग बघितला, एक थर उकरून पट्ट्या बघितल्या. सगळं जागच्या जागी. खाली आली आणि नानासोपुढं उभी राहिली.

"बिराप्पा म्हणतो तुम्ही सूड घेतलात. टपरीवर तुम्ही पण तेच बोललात म्हणे."

"बोललो."

"बरं. मला एवढंच कळू द्या. सूड असेल तर आत्ता घरी जा, आणि पुन्हा ह्या भिंतीला हात लावायचा नाही. कारण सूड घेणाऱ्यावर माझा भरवसा नाही, तो उद्या पण घेईल. आणि चूक असेल तर उद्या सकाळी या. चूक सुधारता येते. दोन्हीतलं काय ते आत्ता, सगळ्यांसमोर सांगा."

रेल्वे येत होती. रूळ थरथरायला लागले. नानासोचा डावा डोळा आपोआप मिटला आणि उघडा डोळा त्या दोन रांगांवर. वर अजून बरीच भिंत व्हायची होती. त्याच्या हातनं किंवा दुसऱ्याच्या.

मालगाडी आली. डबे संपता संपेनात. त्या सगळ्या खडखडाटात नानासो काहीतरी बोलला. मॅडमनं कानाला हात लावला.

शेवटचा डबा गेला तेव्हा नानासो ओरडतच होता, आणि गाडीमागची शांतता पसरली तरी त्याचा आवाज खाली आला नाही, त्यामुळं ते फाटकाच्या दोन्ही बाजूंना, टपरीला, आणि दुधाच्या टेम्पोच्या टपावर बसलेल्यालाही ऐकू गेलं. "चुकलं म्हणतोय! ऐकाया येत न्हाई? चुकलं! ओळंब्यानं लावली! गुटका न्हाई लावला! चुकलं माझं! कळ्ळं?"

माफी मागताना एवढं शिवीगाळीसारखं कुणी बोललेलं गावानं ऐकलं नव्हतं. कुणीतरी टाळी वाजवली. नानासोनं त्याच्याकडं असं बघितलं की दुसरी टाळी हवेतच राहिली.

मॅडम म्हणाली, "कळलं. उद्या या." आणि वळून बिराप्पाला, "तुम्ही पण अफवा उठवायच्या बंद करा, नाहीतर हातमशीन तुमच्याच गळ्यात."

"मी काय केलं मॅडम?"

"तेच. काही केलं नाही ना? मग बोला पण नका."

दोन्ही रांगा उतरवायच्या म्हणजे खेळ नव्हता. वर चढवलेला मुरूम थराथरानं काढायचा, पट्ट्या सोडवायच्या, पॅनेलं हायड्रानं खाली घ्यायची. दाबलेला मुरूम निघता निघत नव्हता, आणि प्रत्येक थराला बिराप्पा वरनं म्हणायचा, "केवढ्या कष्टानं दाबला हुता अण्णा मी ह्यो!"  नानासो फावडं आणखी जोरात मारायचा.

मग परत लावणी. ह्या वेळी गुटका. फाटकावर लोक परत यायला लागले आणि परत तेच. "नाना, परत निजली की रं!" नानासो त्यांच्याकडं बघत नव्हता. भिंतीकडंही बघत नव्हता. गुटक्याची पट्टी लावायचा, बुडबुड्यावर नजर ठेवायचा, पाचर मारायचा आणि लगेच पाठ फिरवायचा, जसं काही नकोसा नातेवाईक दारात उभा आहे. ओळंबा घरी राहिला. साळूबाईनं तो देवघराजवळच्या खुंटीला लावला आणि वरनं टोमणा मारला, "त्यो बी रजेवर हाय."

मागं मुरूम चढला. रोलर फिरला. आणि एका संध्याकाळी उन्हं तिरपी आली, तर भिंतीवर सावली नव्हती. नानासोनं तिच्यावर तळहात फिरवला. बैलाच्या पाठीवरनं फिरवतात तसा. मग मॅडम येताना दिसली म्हणून हात काढून घेतला आणि तिथंच तिच्याशी पट्ट्यांच्या बोल्टवरनं भांडण उकरून काढलं.

भिंत वरपर्यंत त्याच्याच हातनं गेली. लोकांनी त्याला काय म्हणायला सुरुवात केली? गवंडीही म्हणतात, आणि त्याच तोंडानं 'सूड घेतलेला नाना' पण म्हणतात. पहिलं खरं आहे, दुसरं ऐकायला बरं वाटतं. नवीन घराची भिंत दाखवायला मात्र लोक त्याला आता बोलावून नेतात, शिव्या खातात, आणि काम देतात.

राहिली एका पैजेची गोष्ट. पूल पुरा झाला तेव्हा तपासणीसाठी त्याच्यावर खडीनं भरलेले ट्रक नेऊन उभे करायचे ठरले. मातीवर टेकलेला पूल, त्यावर ट्रक. अख्खं गाव बघायला आलं आणि अख्खं गाव लांब उभं राहिलं. खालचा रस्ता लाल पट्टी बांधून बंद केलेला. हे लिहिणारी पोरगी, डेअरीच्या सेक्रेटरीची थोरली, जिला शाळेच्या गॅदरिंगला सगळे नकला करायला लावतात ती, नानासोला सगळ्यांदेखत म्हणाली, "नाना, एवढी भिंत तुमची, तर तिला पाठ लावून बसून दाखवा की! पैज! नाहीच बसायचे तुम्ही!"

नानासोनं डोळा मिटून तिच्याकडं बघितलं, जणू तीही कुठंतरी कलली आहे. "मला. वेडावून दावती. ती तूच न्हवं?"

"हो."

"बसलो तर. तूबी बसायचं. माझ्या बगलंला. सांजंपतोर. तोंडातनं. चकार शब्द. न काढता. कळ्ळं?"

तो गेला. लाल पट्टीच्या अलीकडं, पण भिंतीला पाठ टेकून बसला, टोपी डोळ्यांवर ओढली. मागोमाग हे लिहिणारीला जावंच लागलं. पहिला ट्रक वर चढला तेव्हा पाठीमागच्या काँक्रीटमधनं घरघर थेट दातांत आली. मॅडम धावत आली, "मिस्त्री! उठा तिथनं!"

"का? भरवसा. न्हाई. व्हय तुमास्नी?"

"भरवसा आहे! नियम आहे!"

"नियम पट्टीच्या आत. मी भाईर."

"काय माणूस हाय ओ ह्यो!" मॅडमची सगळी सांगली बाहेर पडली. नानासोचे सगळे दम, सगळे थापीचे फटके, दोघांचे दोन सूर, एकाला एक लागून. नक्कल करायला असा माल जन्मात एकदा मिळतो. आणि हे लिहिणारी तोंड मिटून, गुडघे पोटाशी धरून, घामानं भिजून बसलेली.

वर आणखी एक ट्रक चढला. नानासोनं टोपी वर न करताच म्हटलं, "तोंड. हाललं. सांज. अजून. लांब हाय."